गोठवलेल्या कणकेची कैफियत

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीत एक प्रवचन झाले. प्रवचन करणाऱ्या बाई कोणी मोठ्या अधिकारी नव्हत्या. पण त्यांच्या हातात मोबाईल होता, आणि हल्ली तेवढा अधिकार पुरतो. त्यांनी वाचून दाखवले ते असे: मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवू नये. कणकेचा गोळा पिंडासारखा दिसतो, आणि पिंड दिसला की भूतप्रेते तिकडे ओढली जातात. म्हणून तर आपल्या आज्या-पणज्या कणीक मळून झाली की उंड्यावर बोटे उमटवीत असत. पिंड कोणता आणि कणीक कोणती हे भुतांना कळावे म्हणून! ज्या घरच्या फ्रिजमध्ये कणीक असते, त्या घराला आजारपण, आळस आणि भांडणे सोडत नाहीत.

अत्तरदाणी फिरत होती, वाणे लुटली जात होती आणि बायका माना डोलवीत होत्या. माझीही मान डोलली असती; परंतु माझ्या फ्रिजरमध्ये त्या घटकेला पावाच्या कणकेचे चौदा गोळे, काप करून ठेवलेला एक मोठा पाव आणि अर्धवट भाजलेल्या दोन डझन पोळ्या होत्या. म्हणजे बाईंच्या हिशेबाने माझ्या घरी भुतांची पंगतच बसलेली असणार! मी तिळगूळ घेतला, गोड बोलायचे कबूल केले आणि मुकाट्याने घरी आले. ते कबूल केलेले गोड बोलणे संक्रांतीपुरते होते. आज दिवाळी आहे, आणि मला थोडे तिखट बोलावयाचे आहे.

मी बालवाडीची शिक्षिका. शिक्षण दहावी; आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा असल्या विषयावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, पंचवीस वर्षे मी रोज पंचवीस पोळ्या लाटल्या आहेत. वाचकहो, गुणाकार करून पाहा. सव्वादोन लाखांवर जातो. एखाद्या विषयावर सव्वादोन लाख वेळा हात फिरवल्यावर माणसाने तोंड उघडले, तर ते फारसे अधिकाराबाहेरचे होऊ नये.

माझे माहेर देशावरचे, पोळीचे. सासर कोकणातले, गोव्याच्या सीमेजवळचे. म्हणजे भाताचे, भाकरीचे आणि पावाचे. गोव्यात पोदेर सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवीत गल्लोगल्ली पाव घेऊन येतो. आमच्याकडेही बेकरीचा पाव सकाळी दारात येत असे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, बेकरीची भट्टी थंडावली, आणि पावावर वाढलेली माझी मुले न्याहारीच्या पोळीकडे परक्या पाहुण्याकडे पाहावे तशी पाहू लागली. माझ्या भावाने कधीकाळी दिलेला ओव्हन माळ्यावर पडून होता. तो खाली काढला आणि पाव करायला शिकले. पहिला पाव पाट्यावर वरवंटा म्हणून शोभला असता. दहावा पाव मात्र पावासारखा झाला.

पण पाव ही वस्तू वेळखाऊ. कणीक तिंबा, फुगू द्या, गोळे करा, पुन्हा फुगू द्या, मग भाजा. पोळी निदान अर्ध्या-पाऊण तासात पानात पडते. पाव सबंध सकाळ गिळतो. दोन महिन्यांनी मी हिशेब केला आणि माझ्या ध्यानात आले की, मुलांच्या दोन तुकड्यांसाठी मी माझा दिवस भट्टीत घालते आहे. तेव्हापासून मी गोठवू लागले.

माझी रीत साधी आहे. रविवारी किलोभर पीठ तिंबते. यीस्ट नेहमीपेक्षा थोडे जास्त घालते. कारण यीस्ट हा जीव आहे, आणि थंडीत त्यातला काही मरतो, उरलेला झोपतो. मेलेल्या यीस्टमधून जे बाहेर पडते ते कणकेचा चिवटपणाही थोडा कमी करते. म्हणून कणीक थोडी घट्ट ठेवते आणि तिला पुरती फुगू देत नाही. जाग्या झालेल्या यीस्टला थंडी अधिक बाधते. फुगायला लागली न लागली तोच पंचवीसएक गोळे करून ताटात सुटे सुटे मांडते आणि ताट फ्रिजरमध्ये सरकवते. दोन-तीन तासांनी गोळे दगडासारखे झाले की पिशवीत भरते, पिशवीतली हवा दाबून काढते, वर तारीख लिहिते. जेव्हा पाव हवा असेल त्याच्या आदल्या रात्री मोजके गोळे खालच्या कप्प्यात उतरवायचे, सकाळी बाहेर मांडायचे. आमच्या कोकणच्या उकाड्यात तासा-दीड तासात ते दुप्पट होतात. मग भाजायचे. महिन्याच्या आत संपवायचे, आणि एकदा सुटलेली कच्ची कणीक पुन्हा गोठवायची नाही. झाले! यात भुताला शिरायला जागा कोठे आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

राहता राहिली उंड्यावरची बोटे. ज्या कोणी पाव केला आहे तिला ठाऊक असते की, फुगलेल्या गोळ्यावर बोट दाबून पाहतात. खळगा चटकन भरून आला तर अजून थांबा. सावकाश आणि थोडा भरून आला तर भट्टीत घाला. मुळीच भरला नाही तर उशीर झाला. पोळीच्या कणकेवरही सुगरण बोट दाबते ते मऊपणा अजमावायला. माझा आपला तर्क असा की, बोटाची परीक्षा राहून गेली, खूण तेवढी उरली, आणि रिकाम्या राहिलेल्या अर्थाच्या जागी भूत येऊन बसले. आपल्या पुष्कळ चालीरीतींत असे झालेले आहे.

भूत गेले की शास्त्रीबुवा येतात. ते सांगतात की, गीतेच्या सतराव्या अध्यायात एक प्रहर उलटून गेलेले आणि शिळे अन्न तामस म्हटले आहे. म्हटले आहे, हे खरे. पण तेवढ्यावरच पुस्तक मिटणाऱ्यांनी जरा दुसरे पुस्तक उघडावे. ज्या मनुस्मृतीचा आधार ही मंडळी एरवी ऊठसूट घेतात, तिच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाची मोकळीक दिलेली आहे. तूप-तेल लागलेले अन्न शिळे असले तरी खावे, आणि जव, गहू व दूध यांचे पदार्थ तर तूप-तेल नसले तरी, पुष्कळ वेळ ठेवलेले असले तरी खावे, असा तेथला अर्थ आहे. गहू, बरे का! म्हणजे पोळी आणि पाव यांची सुटका खुद्द मनूने केलेली आहे. बायकांनी कसे वागावे हे मी मनूला विचारायला जात नाही, तेव्हा कणीक कोठे ठेवावी हेही विचारणार नाही. पण जे त्याच्या नावाने आम्हांला दरडावतात त्यांनी निदान त्याचे म्हणणे पुरते वाचावे, एवढी अपेक्षा एका दहावी पास बाईने करावी की नाही?

आणि आपली घरे तरी काय सांगतात? प्रवासाला निघताना दुधात भिजवून केलेली दशमी बरोबर द्यायची, ती दोन-दोन दिवस खायची. शीतला सप्तमीला चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचे खायचे, आणि ते देवीला प्रिय! उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, फोडणीची पोळी, गूळ-तुपाचा लाडू; हे खाऊन तर आपण शाळेत गेलो. फार लांब कशाला? हा अंक वाचताना तुमच्यापुढे जे फराळाचे ताट आहे, तेच पाहा. त्यातला चिवडा कधीचा? चकली कधीची? आणि अनारसा? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, कुटले जातात, गुळात मळले जातात, आणि मग तो गोळा डब्यात आठ-आठ दिवस मुरत पडतो. जितका मुरेल तितकी जाळी सुरेख! मळून ठेवलेल्या पिठाचा गोळा, डब्यात बंद, आठ दिवस; आणि तोंडाने म्हणायचे की, मळलेले पीठ ठेवले तर लक्ष्मी रुसते. ऐन लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला तोच अनारसा! काय हा न्याय?

आता शास्त्राचे पाहू. म्हणजे प्रयोगशाळेतल्या शास्त्राचे. शिळे म्हणजे काय? आपण समजतो की पाव वाळला म्हणजे शिळा झाला. १८५२ साली बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की तसे नाही. पावातले पाणी बाहेर जाऊ दिले नाही तरी तो शिळा होतो, आणि तापवला की पुन्हा मऊ होतो. पुढे त्याचे कारण उलगडले. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि सैल होतो. थंड झाल्यावर तो पुन्हा आपल्या जुन्या शिस्तीत रचला जाऊ लागतो, आणि ती रचना म्हणजेच शिळेपणाचा टणकपणा. गंमत अशी की, ही रचना सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या किंचित वर, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात! उणे १८ अंशांच्या आसपास मात्र ती जवळजवळ थांबते. तेव्हा जी बाई भाजलेला पाव खालच्या कप्प्यात ठेवते ती त्याला बाहेरच्यापेक्षा लवकर म्हातारा करते. आणि जी वरच्या कप्प्यात गोठवते ती त्याचे घड्याळ बंद करून ठेवते. पाव पुरता निवल्यावर, काप करून, हवाबंद गोठवावा आणि काढल्याबरोबर थेट भाजावा. ज्यांना फ्रिजचा पाव चामड्यासारखा लागतो त्यांनी फ्रिजला शिव्या देण्याआधी आपण कोणता कप्पा उघडला ते पाहावे.

गोठवणे हे काही कोणा आळशी बाईचे खूळ नव्हे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन माणूस १९१२ च्या सुमारास लॅब्राडोरच्या थंड मुलखात गेला. तेथील इनुइट लोकांनी पकडलेले मासे बर्फाळ वाऱ्यात क्षणात गोठत, आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्याच्या ध्यानात आले की, सावकाश गोठले की बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पदार्थाची वीण फाडतात. झटकन गोठले की स्फटिक बारीक राहतात. त्यावर त्याने धंदा उभारला आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्ड गावी गोठवलेले अन्न दुकानात विकायला आले. माझे गोळे मी लहान करते आणि ताटात सुटे मांडते ते याच कारणाने. लॅब्राडोरच्या कोळ्यांना जे समजले होते, ते समजून घ्यायला आमच्या आळीने शंभर वर्षे घेऊ नयेत.

येथे सुशिक्षित विरोधक उठून उभा राहतो. तो भुताचे नाव काढीत नाही. तो फ्रान्सचे नाव काढतो. तो म्हणतो, "बाई, पावाचा देश फ्रान्स. तेथे काय कायदा आहे ठाऊक आहे?" आहे. १९९३ च्या फ्रेंच हुकुमाप्रमाणे जो पाव करताना कोठेही गोठवला गेला असेल त्याला 'परंपरागत फ्रेंच पाव' म्हणता येत नाही. आणि १९९८ च्या कायद्याप्रमाणे दुकानावर 'बेकरी' अशी पाटी लावायची तर कणीक तेथेच मळली पाहिजे, पाव तेथेच भाजला पाहिजे, आणि मध्ये कधीही गोठवता कामा नये. मोठा सुंदर कायदा आहे. मला तो मनापासून मान्य आहे. पण तो कोणाला बांधतो? दुकानदाराला. कारखान्यातून गोठलेली कणीक आणून, मागच्या खोलीत नुसती गरम करून, 'आमच्या हातची' म्हणून विकणाऱ्याला. तो कायदा पाटीपुरता आहे. गृहिणीच्या ओट्यापर्यंत तो येत नाही. मी माझ्या मुलांना फसवीत नाही. पिशवीवर तारीख लिहिलेली असते, ती त्यांना वाचता येते.

शिवाय ज्या देशात रोज ताजा पाव मिळतो तेथे तो रोज करतो कोण? फ्रान्समध्ये बेकरीवाला, गोव्यात पोदेर. तो त्यांचा धंदा. त्याचे त्यांना पैसे मिळतात. आणि जेथे पाव घरच्या बाईलाच करावा लागे तेथे तो रोज ताजा कधीच नव्हता. स्वीडनमध्ये राय धान्याचा कडक पाव वर्षातून दोनदा भाजून, मधल्या भोकातून काठी ओवून आढ्याखाली टांगून ठेवीत. फ्रेंच आल्प्समधल्या काही खेड्यांत थंडीच्या तोंडाशी सार्वजनिक भट्टी पेटे आणि त्यावर वर्षभराचा पाव होई. रोज, दोन वेळा, माणशी मोजून, तव्यावरून थेट पानात, आणि तेही फुकट, ही मागणी जगात फार थोड्या ठिकाणी केली गेली. आणि जेथे केली गेली तेथे तिला संस्कृती असे नाव मिळाले.

आता मी शेवटच्या आणि खऱ्या विरोधकाकडे येते. हा भूत, मनू, फ्रान्स काहीच आणीत नाही. हा प्रेमळ असतो, आणि म्हणून सर्वांत अवघड. तो म्हणतो, "ते सारे खरे असेल हो, पण तव्यावरच्या पोळीत जी माया असते ती गोठवलेल्यात कोठून येणार?"

या मायेविषयी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कोणत्याही कादंबरीत घातलेली नाही.

माझ्या आईला गाण्याचे वेड होते. माहेरी ती पेटी शिकलेली. सासरी पेटी आली नाही, पोळपाट आला. मी दहा वर्षांची असताना आमच्या गावी गणेशोत्सवात एका नामांकित गायकाचे गाणे ठरले. महिनाभर आधीपासून आई त्या दिवसाची वाट पाहत होती. जरीकाठाचे लुगडे तिने दोन दिवस आधीच काढून ठेवले होते. नेमके त्या संध्याकाळी वडिलांचे चार स्नेही परगावाहून आले. आमचे वडील वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी आईला "जाऊ नकोस" असे म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "मंडळींना पोळ्या तेवढ्या गरम वाढ आणि मग जा."

चार पाहुणे, वडील, आम्ही भावंडे. पोळी तव्यावरून उतरे ती मी ताटलीत घेऊन पळत नेई आणि पानात वाढी. मंडप तीन गल्ल्या पलीकडे होता आणि कर्ण्यातून गाणे स्वयंपाकघराच्या खिडकीत येत होते. एखादी जागा अशी येई की आईचे लाटणे मध्येच थांबे. एकदा ते फार वेळ थांबले. तव्यावरची पोळी करपली. बाहेरून वडिलांचा आवाज आला, "अगं, पोळी?" आई दचकली. करपलेली पोळी तिने बाजूला, आपल्यासाठी ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. शेवटचे पान उठले तेव्हा भैरवी चालू झाली होती. आईने ओटा पुसला, हात धुतले, आणि ती करपलेली पोळी वरणाबरोबर खाल्ली. लुगडे तिने दुसऱ्या दिवशी घडी न मोडता पेटीत ठेवले.

तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार मी करते आहे.

आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. तेव्हा त्या संध्याकाळचा दोष कोणाला द्यावा, हा वाद मी घालीत नाही. पण आज फ्रिज आहे. ज्या घरात दूरचित्रवाणीला भिंत पुरत नाही त्या घरात तो आहेच आहे. रविवारी अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून गोठवलेल्या दोन डझन पोळ्या तापल्या तव्यावर टाकल्या तर प्रत्येकीला मिनिटभर पुरते. आणि तरीही आज, या वर्षी, तुमच्या-माझ्या आळीत एखादी बाई तव्यापाशी उभी आहे, आणि तिचे गाणे, तिचे वाचन, तिच्या मुलीचे बक्षीस, तिची स्वतःची झोप खिडकीबाहेरून चालली आहे. कशासाठी? तर मायेसाठी! मी विचारते, ती माया सर्वांना कळते, तर घरातल्या एका माणसाच्याच पानात ती शेवटी आणि करपलेली का येते?

गोठवलेल्या कणकेवर खरा राग आहे तो चवीचा नव्हे, हे मला आता कळून चुकले आहे. ताजी कणीक फक्त एकीलाच करता येते. गोठवलेला गोळा मात्र कोणालाही भाजता येतो. खरी अडचण ती आहे! गेल्या वर्षी साहित्यिकांच्या एका मेळाव्यासाठी मी दोन दिवस कोल्हापूरला गेले. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री सहा गोळे खाली उतरवले, सकाळी मांडले, ओव्हन लावला आणि आजीला चहाबरोबर गरम पाव दिला. एका बाजूने थोडे काळे झाले होते म्हणतात. माझ्या यजमानांनी, ज्यांना लग्नानंतर वीस वर्षे मिठाचा डबा कोठे असतो ते ठाऊक नव्हते, आपणहून लोणी काढले. माझ्यावाचून घर अडले नाही याचे मला क्षणभर वाईट वाटले, हेही कबूल करते. ही सवय बायकांच्या अंगी फार खोल मुरलेली आहे. आपल्यावाचून अडावे, असे आपल्यालाही वाटते. गरम पोळीचा जुलूम दोन्ही हातांनी वाजतो.

माझी पहिली कादंबरी लिहायला नऊ वर्षे लागली. दुसरी अडीच वर्षांत झाली. एका समीक्षकांनी लिहिले की, दुसऱ्या कादंबरीत लेखिकेची शैली अधिक सलग झाली आहे. सलग झाली ती शैली नव्हे. सलग झाली ती सकाळ. पाच ते सात. त्याचे श्रेय मी वाङ्मयीन प्रभावांना न देता फ्रिजरच्या कप्प्याला देते.

मी आंधळी कैवारी नाही. भाकरी गोठवू नये. ती तव्यावरचीच खावी, आणि जमेल तर ज्याला हवी त्याने थापावी. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे १८ पर्यंत जात नाही. त्यात आठ दिवसांवर काही ठेवू नये. गोठवल्याने रोगजंतू मरत नाहीत, नुसते निजतात. तेव्हा आंबूस वास आलेली कणीक गोठवून शुद्ध होत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. गोळे पाघळून मऊ पडले तर त्याच दिवशी भाजून मोकळे व्हावे. आणि ताज्या पावाचा वास हा ताज्या पावाचाच. तो मी नाकारीत नाही. ज्या दिवशी मन असेल त्या दिवशी मीही सारी सकाळ त्या वासात घालवते. पण मन असेल त्या दिवशी. मायेचा अर्थ मी एवढाच समजते की, ती दररोज सकाळी सात वाजता सक्तीने वसूल करता येत नाही.

या दिवाळीच्या चार दिवसांत तुमच्याकडे पाहुणे येतील. पाडव्याला ओवाळणे होईल, भाऊबीजेला भाऊ येतील, पंगती बसतील. माझी एक विनंती आहे. आतल्या खोलीकडे एकदा कान द्या. लाटण्याचा आवाज येत असेल तर उठा आणि विचारा, "तू जेवलीस का?" आणि उत्तर "तुम्ही आधी बसून घ्या" असे आले, तर बसून घेऊ नका.

सासूबाईंचे सांगायचे राहिले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि माझा हा सारा युक्तिवाद त्यांना पटलेला नाही. गोठवलेला पाव त्या आवडीने खातात, पण पटणे निराळे. रविवारी मी ताटात गोळे मांडले की त्या खुर्ची ओढून जवळ येतात आणि प्रत्येक गोळ्यावर दोन बोटे हलकेच दाबतात.

"आई, ते भूतबित काही नसतं हो," मी म्हणते.

"नसतं तर नसतं. तुझं काय जातं?" त्या म्हणतात, आणि पुढल्या गोळ्याकडे वळतात.

माझे काही जात नाही. त्या दोन बोटांच्या खुणा महिनाभर तशाच गोठून राहतात. सकाळी गोळे बाहेर काढले की त्या दिसतात, आणि पाव फुगू लागला की हळूहळू भरून येतात. मग मी ओव्हन लावायला मुलाला हाक मारते आणि लिहायला बसते.